एका खोलीतलं प्रदर्शन

डोंबिवलीच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मी चित्रकला शिकवली. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटला मुलं बसवायची, त्यांच्याकडून तयारी करून घ्यायची, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे, यात वर्षं कशी गेली कळलं नाही. मुलांना खरी चित्रं दाखवायची तर एकच मार्ग होता. सुट्टीच्या दिवशी सकाळची फास्ट पकडायची, सीएसएमटीला उतरायचं आणि पोरांची रांग सांभाळत काळा घोड्यापर्यंत चालत जायचं. चित्र काढायचं डोंबिवलीत आणि बघायचं मुंबईत, यात काही खटकण्यासारखं आहे असं आमच्यापैकी कोणालाच वाटत नसे. पानगळीच्या दिवसांत लेकीकडे टोकियोला जाऊन राहिले, तिथल्या छोट्या गॅलऱ्यांमध्ये मनसोक्त हिंडले, आणि तेव्हापासून मला ते फार खटकायला लागलं आहे.

लेक-जावई निशिकासाईला राहतात. भारतीयांची, विशेषतः आयटीतल्या मंडळींची, तिथे मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस नगरपरिषदेवर निवडून आला तो याच एदोगावा भागातून. खाली दुकानात तूरडाळ मिळते, जिन्यात मराठी ऐकू येतं. दोघं ऑफिसला आणि नात शाळेत गेली की दुपार माझी. लेकीने एका कार्डावर घरचा पत्ता जपानीत लिहून दिला, फोनमध्ये बोललेलं भाषांतर करणारं अ‍ॅप घालून दिलं आणि म्हणाली, "आई, तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून सरळ चालत गिन्झा. हरवलीस तर कार्ड दाखव." लोकलच्या बाईला ट्रेनचं काय भय? दुसऱ्या दिवसापासून मी एकटी जायला लागले.

गिन्झा म्हटलं की महागडी दुकानं डोळ्यांपुढे येतात. त्या दुकानांच्या मागच्या गल्ल्यांत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर, तळघरांत शेकडो चौरस फुटांच्या नव्हे, एकेका खोलीच्या गॅलऱ्या आहेत. त्यातली ओकुनो बिल्डिंग मी कधी विसरणार नाही. १९३२ सालची इमारत. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर सिमेंट-काँक्रीटची जी नवी घरं बांधली गेली, त्यांतली ही एक. तेव्हा ती सधन माणसांची राहती जागा होती आणि लिफ्ट असणं ही मोठी मिजास होती. ती लिफ्ट आजही चालते. बाहेरचं दार आपण ओढायचं, आतलं जाळीचं दार आपण ओढायचं, उतरल्यावर दोन्ही नीट लावायची, नाहीतर ती त्याच मजल्यावर अडकून राहते आणि खालचे लोक ताटकळतात. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींत मी अशा लिफ्टमधून गेले आहे, त्यामुळे हात आपोआप दाराकडे गेला. आता त्या जुन्या घरांच्या खोल्यांत विसाच्या आसपास गॅलऱ्या आहेत. एके काळी जिथे कोणाचा तरी ओटा आणि मोरी असेल, तिथे चित्रं लागतात. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली तर मुद्दाम जुनीच ठेवली आहे. तिथे एक बाई ब्यूटी पार्लर चालवत असत, शंभर वर्षं जगल्या. त्यांच्यामागे काही कलावंतांनी वर्गणी काढून ती खोली रंगाचे पोपडे न खरवडता जपली आहे.

मी पहिल्यांदा ज्या दारात थबकले ती खोली आपल्या वन रूम किचनमधल्या रूमएवढी असेल. पांढऱ्या भिंती, चौदा-पंधरा चित्रं, एक छोटं टेबल, टेबलावर पाहुण्यांची वही आणि पेन, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर चाळिशीचा एक माणूस. तो उठून वाकला. मीही वाकले. कोणी तिकीट मागितलं नाही, कोणी मागे मागे आलं नाही.

चित्रं तळहाताएवढी होती आणि काळी. जवळ गेले तेव्हा काळ्यातून एकेक गोष्ट वर यायला लागली. उघडी खिडकी. पालथा घातलेला भाताचा वाडगा. भिंतीला टेकवलेली ओली छत्री, आणि तिच्या टोकाशी साचलेलं पाणी, ज्यात खोलीतला उजेड जेमतेम उतरला होता. ते पाणी मी किती वेळ पाहत राहिले कोणास ठाऊक. काळा म्हणजे रंगवलेला काळा नव्हता. मखमलीवर बोट फिरवावं तसा त्याला लव असल्याचा भास होत होता. ही मेझोटिंट आहे हे माझ्या लक्षात आलं. शिकत असताना मुद्राचित्रणाच्या तासाला तिच्याविषयी ऐकलं होतं, पण समोर अशी पाहिली नव्हती.

फोन मध्ये ठेवून आमचं बोलणं सुरू झालं. मी चित्रकलेची शिक्षिका म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. टेबलाखालून त्यांनी एक हत्यार काढलं आणि सरळ माझ्या हातात दिलं. अर्धचंद्राकृती पोलादी पातं, त्याच्या धारेला केसाएवढे दात, वर लाकडी मूठ. तांब्याच्या पत्र्यावर हे टेकवायचं आणि डावी-उजवीकडे डोलवत पुढे न्यायचं. सगळा पत्रा झाला की दिशा बदलून पुन्हा. मग तिरकं. मग उलट तिरकं. तांब्यावर इतकी बारीक कूस उठते की शाई तिच्यात धरून राहते आणि कागदावर पूर्ण अंधार छापला जातो. चित्रकाराचं काम तिथून सुरू होतं. जिथे उजेड हवा तिथली कूस खरवडायची, घासून गुळगुळीत करायची. म्हणजे हा माणूस आधी रात्र तयार करतो आणि मग तिच्यातून छत्री काढतो. तळहाताएवढ्या पत्र्याची नुसती तयारीच कित्येक दिवस चालते, असं ते म्हणाले. पातं हातात घेऊन मी हवेत डोलवून पाहिलं तर मनगट लगेच भरून आलं.

त्यांनीच मला सुइतेनगूजवळचं हामागुची योझो यांचं संग्रहालय पाहायला सांगितलं. हामागुची (१९०९–२०००) यांनी विसाव्या शतकात ही जवळपास विस्मरणात गेलेली पद्धत रंगीत केली आणि जगापुढे आणली. त्यांच्या अंधारातल्या लाल चेरी मी नंतर तिथे डोळे भरून पाहिल्या. हे संग्रहालय यामासा या सोयासॉसच्या जुन्या कंपनीचं आहे, कारण हामागुची त्याच घराण्यातले. आपल्याकडच्या लोणची-मसाल्यांच्या उद्योजकांपर्यंत ही गोष्ट पोहोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्या खोलीचा व्यवहार कसा चालतो तेही मी विचारून घेतलं. चित्रकार आठवड्यासाठी खोली भाड्याने घेतो. बहुतेक ठिकाणी सोमवार ते शनिवार, दुपारी साधारण बारा ते संध्याकाळी सात, शेवटच्या दिवशी थोडं आधी बंद, कारण चित्रं उतरवून रविवारी दुसऱ्याला भिंती मोकळ्या द्यायच्या असतात. प्रदर्शनाआधी पोस्टकार्ड छापतात, एका बाजूला एक चित्र, दुसऱ्या बाजूला तारखा आणि नकाशा. ओळखीच्यांना ती टपालाने जातात, उरलेली इतर गॅलऱ्यांच्या टेबलांवर ठेवली जातात. एका खोलीतून निघताना हातात चार कार्डं येतात आणि चार नव्या खोल्या कळतात. माझा टोकियोचा नकाशा असाच तयार झाला. आणि चित्रकार स्वतः खोलीत बसतो. कोणी आलं, कोणी काय पाहिलं, कोण कुठल्या चित्रापुढे थांबलं, हे तो सहा दिवस डोळ्यांनी पाहतो. आपली चित्रं अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत असताना आपल्याला जे कळतं ते कुठल्याही परीक्षकाच्या शेऱ्यातून कळत नाही.

या पद्धतीत सगळं गोड नाही. गिन्झातलं भाडं जबर असतं आणि ते चित्रकारच भरतो. चित्रं विकली गेली नाहीत तर वर्षाची बचत गेली. अनेक जण नोकरी करून, शिकवण्या घेऊन दर दोन वर्षांनी एक आठवडा विकत घेतात. तरीही जपानच्या आधुनिक कलेचा बराच इतिहास अशाच खोल्यांत घडला. शिसेइदो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची गॅलरी १९१९ पासून आहे आणि नव्या माणसांना तिने सतत जागा दिली. १९७० च्या आसपास दगड, माती, लोखंडी पत्रे, कापूस नुसते मांडून ठेवणाऱ्या 'मोनो-हा' मंडळींनीही तामुरासारख्या भाड्याच्या गॅलऱ्यांत आपलं काम दाखवलं. आज त्याच कामांसाठी जगभरची संग्रहालयं धडपडतात. मोठ्या दाराआधी एक लहान दार लागतं, आणि ते उघडं असावं लागतं.

दुसरी गोष्ट एका मुलीची. मुलगी म्हणते, पण तिशीची असेल. तिचं प्रदर्शन निहोंगा पद्धतीचं होतं, म्हणजे खनिज रंगांचं. टेबलावर तिने रंगांच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. निळा अझुराइट दगडाचा, हिरवा मॅलाकाइटचा, पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा. एकाच दगडाची निळी भुकटी पाच बाटल्यांत होती. दाणा जितका जाड तितका रंग गडद, दळत जावं तसा तो फिकट होत जातो, म्हणून बाटल्यांवर रंगाच्या नावाबरोबर दाण्याचा क्रमांक असतो. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस कोमट पाण्यात विरघळवायचा आणि पांढऱ्या बशीत बोटाने रंगात कालवायचा. तिने ते करून दाखवलं. बोट निळं झालं ते तिने पुसलं नाही, बोलताना तसंच हलवत राहिली.

तिने विचारलं, तुम्ही कुठून आलात? मुंबईजवळचं ठाणे, असं सांगून मी वारलीचं नाव घेतलं. म्हटलं, आमच्याकडे पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ करायचं आणि त्याने काढायचं. ती काही बोलायच्या आत मागे बसलेल्या गॅलरीच्या मालकीणबाई उठल्या. त्यांना वारली ठाऊक होती. निइगाता प्रांतात तोकामाची इथे शाळेच्या जुन्या इमारतीत मिथिला म्युझियम आहे, तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये सुरू केलेलं. तिथे या बाईंनी वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं पाहिली होती. मशे स्वतः तिथे जाऊन राहिले, तिथे बसून त्यांनी चित्रं काढली. त्या बाई हाताने हवेत गोल गोल आकार काढत मला माशांचं जाळं दाखवत होत्या. आमच्या जिल्ह्याच्या माणसाचं जाळं, गिन्झातल्या एका खोलीत. माझे डोळे भरून आले, ते लपवावेत असं मला वाटलं नाही.

मशे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि लग्नघरातल्या भिंतीवर राहणारं वारली चित्र कागदावर आलं. १९७५ मध्ये मशेंची चित्रं मुंबईत केमोल्ड गॅलरीत लागली. केमोल्ड तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर होती, जागा लहानच. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये ते गेले. जपानशी गंजाडचं नातं पुढेही राहिलं. बिहारमधल्या सुजाता गावातल्या शाळेत जपानी तरुणांनी २०१० मध्ये वॉल आर्ट फेस्टिव्हल सुरू केला होता. युसुके असाई या चित्रकाराने तिथल्या वर्गाच्या भिंती तिथल्याच मातीने रंगवल्या. तोच उत्सव २०१३ मध्ये गंजाडच्या जिल्हा परिषद शाळेत आला आणि जपानी व वारली चित्रकारांनी वर्गांच्या भिंती मिळून रंगवल्या. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, १९०३ मध्ये, योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्याला आले, तेव्हा अवनींद्रनाथ टागोरांनी त्यांचं काम पाहून पाण्याने रंग धुऊन चित्र मुरवण्याची रीत उचलली, हे आम्ही कला इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं गंजाड मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात मला भेटलं नव्हतं.

परत येताना मेझोटिंटवाल्यांकडून त्या छत्रीचा एक छाप घेऊन आले. बारा हजार येन, म्हणजे आपले सहा-सात हजार. यादीत त्या चित्रापुढे त्यांनी विकल्याची लाल टिकली चिकटवली आणि दोन्ही हातांनी पावती दिली.

डोंबिवलीत परतल्यावर मी शहराकडे वेगळ्या हिशोबाने बघायला लागले. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत झालं. नाटकाला गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर. व्याख्यानमालेला बाराही महिने सभागृहं. चित्रांसाठी ठाण्यात महापालिकेचं कला भवन आहे आणि शिल्पकार भाऊ साठ्यांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्वतःच्या शिल्पांचं शिल्पालय उभं केलं. एवढं सगळं असलेल्या शहरांत एका तरुण चित्रकाराने एकट्याने आठवडाभर बसावं अशी रस्त्यावरची एक खोली नाही. आपल्याकडे चित्रप्रदर्शन म्हणजे चाळीस जणांची दोन-दोन चित्रं, मंडपवाल्याच्या पॅनेलवर सुतळीने टांगलेली, ट्यूबलाइटखाली, दीपप्रज्वलन, भाषणं आणि रविवारी रात्री आवराआवर. मुंबईतल्या नावाजलेल्या जागेची तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं. तोवर माणूस चित्र काढणंच सोडतो. माझे असे किती विद्यार्थी सुटले, मी मोजायला जात नाही.

म्हणून या दिवाळीनंतर आम्ही करून पाहिलं. एका माजी विद्यार्थिनीचा टिळकनगरात तळमजल्यावर शिकवणीचा क्लास आहे. सुट्टीत तो रिकामा होता. चित्रं दुसऱ्या एका विद्यार्थ्याची. तो बँकेत नोकरी करतो आणि पंधरा-वीस वर्षं शाई आणि टाकाने पुनर्विकासात पाडली जाणारी घरं काढतो. डोंबिवली पूर्वेचे बैठे बंगले, कल्याणच्या पारनाक्याकडचे वाडे, ठाण्याच्या नौपाड्यातल्या चाळी. त्याने साठ चित्रं आणली. मी अठरा ठेवली. "बाई, एवढीच?" म्हणून तो रुसला. पण दोन चित्रांमध्ये मोकळी भिंत असेल तरच डोळा थांबतो, हे मी ओकुनोत शिकून आले होते. फळे काढले, खिळ्यांची भोकं लांबीने बुजवली, दोन हात पांढरा डिस्टेंपर दिला, ट्यूब काढल्या आणि एका डेकोरेटरकडून छोटे पिवळे दिवे भाड्याने आणले. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर, दोरा धरून. हे माप मेझोटिंटवाल्यांनी सांगितलं होतं. उद्घाटन केलं नाही. दार उघडलं आणि दारावर कागद लावला.

वेळ मात्र आपली ठेवली, रात्री साडेनऊपर्यंत. डोंबिवलीकर आठ वाजता गाडीतून उतरतो, त्याला दुपारच्या प्रदर्शनाचा काय उपयोग? आणि लोक आले. हातात मेथीची जुडी घेऊन आले, ऑफिसची बॅग पाठीला घेऊन आले, क्लासची चौकशी करायला आलेले पालक आत शिरले. सोसायटीचा वॉचमन रोज रात्री येऊन एकाच चित्रापुढे उभा राहायचा. एक वयस्क गृहस्थ एका वाड्याच्या चित्राशी थांबले. दाराची कमान, तिच्यावरचा मोडका कंदील, पायरीवर एक चप्पल. ते म्हणाले, "ही पायरी डावीकडे खचली होती. बरोबर काढलीय." तो त्यांचा वाडा होता. आता तिथे बारा मजली टॉवर आहे. त्यांनी चित्र घेतलं. माझ्या विद्यार्थ्याने लाल टिकली लावली तेव्हा त्याचा हात थरथरत होता. त्याने आठवडाभर रजा काढली होती आणि शेवटच्या रात्री मला म्हणाला, "बाई, लोक कुठे थांबतात ते आता कळलं. पुढची चित्रं वेगळी येतील."

रंग, दिवे आणि कार्डांचा खर्च विकल्या गेलेल्या चित्रांतून निघाला, थोडे पैसे उरलेही. क्लास आता पुन्हा सुरू झाला आहे आणि फळे जागेवर आले आहेत. त्यामुळे पुढची जागा हवी आहे. वाचनालयांच्या विश्वस्तांनी एक बंद असलेली अभ्यासिका द्यावी, महापालिकांनी एखादा न चाललेला गाळा द्यावा, पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतींतली रिकामी दुकानं बिल्डरांनी पाडेपर्यंतच्या चार महिन्यांसाठी तरी द्यावीत. दार रस्त्याकडे उघडणारं हवं आणि रात्री साडेनऊपर्यंत उघडं ठेवता यायला हवं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत अशी एक खोली ज्यांच्याकडे असेल त्यांनी कळवावं. भिंती रंगवायला आणि चित्रं टांगायला आम्ही येऊ. एकट्याने भिंती भरू शकतील असे सात जण आजच तयार आहेत.